यंत्र, शेतकरी आणि भाषा : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला किर्लोस्कर हे आडनाव प्रथम भेटते ते संगीत रंगभूमीच्या इतिहासात. बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आणले. त्यानंतर चाळीस वर्षांनी हेच नाव एका मासिकाच्या मुखपृष्ठावर पुन्हा आढळते. या दोन टोकांच्या मध्ये उभा असलेला तिसरा किर्लोस्कर वाङ्मयेतिहासाच्या पानांत क्वचितच दिसतो. त्याने नाटक लिहिले नाही आणि मासिकही संपादिले नाही. त्याने लोखंडाचे नांगर घडविले. परंतु हा नांगर खपावा म्हणून मराठी शेतकऱ्याशी त्याच्या समजुतीच्या भाषेत बोलणे त्याला भाग पडले, आणि त्या बोलण्यातूनच पुढे मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण सुरू झाले. कारखान्याचे अर्थव्यवस्थेतील स्थान उत्पादनाच्या आकड्यांवरून ठरविण्याचा प्रघात आहे. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र पाहिले असता तो अपुरा वाटू लागतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. अण्णासाहेबांचे जन्मगावही तेच. प्रदेश कानडी, घरची भाषा मराठी; सीमाभागातील असंख्य घराण्यांप्रमाणे हे घराणेही दोन भाषांच्या सहवासात वाढलेले होते. वडील काशिनाथपंत हे वेदान्तविषयात रमणारे गृहस्थ होते. मुलाचे मन मात्र पुस्तकापेक्षा चित्रात व यंत्रात अधिक रमे. शाळेत त्याने विशेष चमक दाखविली नाही. थोरले बंधू रामचंद्र उर्फ रामूअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले.

दोनएक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की आपल्या दृष्टीला काही रंगांतील भेद कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता असणार? पण त्यांनी कागद व पेन्सिल टाकून दिली नाही. रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांच्या आकृत्या काढण्यात त्यांचा हात बसला आणि मुंबईस नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत यांत्रिक आकृतिलेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पुढील आयुष्यात त्यांनी जे जे घडविले, त्याचा पाया येथे घातला गेला. आकृती, आकृतीवरून लाकडी साचा आणि साच्यावरून ओतकाम हा यंत्रनिर्मितीचा क्रम आहे. यांतील पहिली पायरी ज्याच्या बोटांत आहे, त्याला परदेशी यंत्र उघडून पाहिल्यावर त्याचे रहस्य फार काळ दडून राहत नाही. संस्थेच्या कर्मशाळेत मोकळ्या वेळी ते स्वतःच्या हातांनी कामे करून पाहत. याच काळात त्यांनी गुंड्या आणि औषधाच्या गोळ्यांसाठी लहान डब्या तयार करण्याचेही उद्योग करून पाहिले. त्यांतून पैसा फारसा मिळाला नाही, पण वस्तू करणे आणि ती खपविणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत एवढे कळले.

मुंबईच्या रस्त्यावर एका पारशी गृहस्थाला सायकलवर बसून जाताना पाहून ते थबकले, ही हकीकत त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. सायकल ही त्या वेळी अपूर्वाईची व महागडी वस्तू होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामूअण्णांनी बेळगावात त्या विकाव्या, शिवाय विकत घेणाऱ्याला चालविण्यास शिकवावे, असा व्यवहार १८८८ मध्ये सुरू झाला. ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाचा हा आरंभ होय. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विक्री आणि शिकवणी यांची जोडी या पेढीने पहिल्याच दिवशी बांधली आणि पुढे ती कधी सोडली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन शिक्षकास देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला. पुन्हा कोणाची नोकरी करावयाची नाही, असा निश्चय करून ते बेळगावास परतले. अशा निश्चयांच्या कथा थोरांच्या चरित्रांत पुष्कळ असतात आणि त्यांतील बऱ्याच नंतर रंगविलेल्या असतात. पण या माणसाने पुढील पन्नास वर्षांत दुसऱ्याची चाकरी केली नाही, आणि असंख्य माणसांना मात्र काम दिले, एवढे निर्विवाद आहे.

बेळगावच्या लहानशा कर्मशाळेत प्रथम तयार झाले ते कडबा कापण्याचे यंत्र. त्यापाठोपाठ १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. तोपर्यंत दख्खनचा शेतकरी लाकडी नांगराने जमीन नांगरीत असे. काळ्या भारी जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. ती उपटून काढावयाची तर माती खोलवर उलथीपालथी व्हावी लागते, आणि ते काम लाकडी नांगराने नीट होत नाही. इंग्लंडमध्ये बनविलेले लोखंडी नांगर थोडेबहुत येत होते, परंतु त्यांची किंमत, मोडलेल्या भागांची चणचण आणि दुरुस्तीची गैरसोय यांमुळे ते बागाईतदारांपलीकडे पोचले नव्हते. लक्ष्मणरावांनी परदेशी नमुना समोर ठेवून आपला नांगर तयार केला.

त्यानंतरच खरी अडचण उभी राहिली. लोखंडाने जमिनीला विष चढते, ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिले थोडेसे नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. त्या समजुतीला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. लोखंडी नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या लागत. त्या ज्याच्यापाशी नाहीत त्याला शेजाऱ्यांशी सावड करावी लागे. नांगराची किंमत रोख द्यावयाची होती आणि तो शेतातच मोडला तर गावच्या सुताराला तो दुरुस्त करता येत नव्हता. बलुत्यावर चालणाऱ्या गावात सुतार-लोहारांशी असलेला पिढ्यान्पिढ्यांचा संबंध तोडून दूरच्या कारखान्याशी नवा संबंध जोडावा, असे हा नांगर सांगत होता. विषाची भाषा ही या धास्तीचीच भाषा असावी.

या शंकेला कारखान्याने दिलेले उत्तर दोन प्रकारचे होते. एक उत्तर धातूचे. जमिनीत घुसणारा फाळ मऊ असला तर लवकर बोथट होतो आणि फार ठिसूळ असला तर दगडाला लागून तुटतो. ओतीव लोखंड साच्यात झपाट्याने निवविले, की त्याचा बाहेरचा थर कठीण होतो. या गुणाचा उपयोग नांगराच्या फाळासाठी जगभर करीत असत. अशी कामे बेळगावच्या भट्टीत जमविणे म्हणजे प्रत्येक ओतणीत काहीतरी वाया घालवून शिकणे होते. त्याचबरोबर प्रत्येक भाग ठराविक मापाचा करून सुटे भाग सहज मिळतील अशी व्यवस्था करणेही आवश्यक होते. दुसरे उत्तर शब्दांचे. सचित्र किंमतपत्रके, जाहिराती, प्रत्यक्ष शेतात जाऊन दाखविलेली नांगरट, आणि शेतकऱ्याच्या पत्राला शेतकऱ्याच्या भाषेत पाठविलेले उत्तर. छपाईचे काम घरीच व्हावे म्हणून पुढे कारखान्याने स्वतःचा छापखाना ठेवला. नांगराबरोबर गद्यही तेथे घडू लागले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

धंदा जेमतेम मार्गी लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कर्मशाळेची जागा सोडण्यास सांगितले. याच सुमारास लक्ष्मणराव औंध येथे यमाई देवीच्या देवळातील सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा, औंधच्या संग्रहालयात देशोदेशीची चित्रे व शिल्पे जमविणारा, वेदाभ्यासक सातवळेकरांना आपल्या संस्थानात आश्रय देणारा असा हा विलक्षण राजा होता. एका चित्रकार राजाने रंग सोडून दिलेल्या दुसऱ्या चित्रकाराला बोलाविले. कुंडल रोड या रेल्वे स्थानकालगतची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज संस्थानने देऊ केले. १० मार्च १९१० रोजी तेथे वसाहतीचा आरंभ झाला. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे एवढाच त्या वेळचा परिवार. जमीन खडकाळ, निवडुंगाने भरलेली. पाणी दुर्मिळ आणि साप विपुल. या जागेची एकच जमेची बाजू होती : मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-मिरज मार्ग दारावरून जात होता. कोळसा व कच्चे लोखंड आणणे आणि नांगर बाहेर पाठविणे या दोन्हींसाठी तोच आधार होता. पुढे स्थानकाचेही नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले.

हीच वर्षे टाटांच्या साकची येथील पोलाद कारखान्याच्या उभारणीची. १९११ च्या अखेरीस तेथे पहिले लोखंड निघाले. साकचीचे प्रमाण आणि किर्लोस्करवाडीचे प्रमाण यांची तुलना होऊ शकत नाही. पण औद्योगिकीकरणाच्या इतिहासात दुसऱ्या प्रकारच्या प्रयत्नाकडे जेवढे लक्ष दिले जावयास हवे होते तेवढे दिले गेलेले नाही. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांमागे व्यापारातून साठलेले भांडवल होते. दख्खनच्या पठारावर तसे भांडवल नव्हते. तेथे कारकुनी, मास्तरकी आणि वकिली करणाऱ्या वर्गातून आलेल्या माणसाने एका लहान संस्थानिकाच्या आश्रयाने यंत्रोद्योग उभा केला. तोही संरक्षक जकातीचे धोरण अस्तित्वात नसताना, इंग्लंडच्या नांगराशी खुल्या बाजारात स्पर्धा करून. औंध संस्थानातच १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघर गेला. छोट्या संस्थानांनी उद्योगांना दिलेल्या आश्रयाचा हा इतिहास ब्रिटिश मुलखाच्या इतिहासापासून वेगळा काढून अभ्यासण्याजोगा आहे.

लक्ष्मणरावांनी माणसे निवडली तीही चाकोरीबाहेरची. शंभोराव जांभेकर यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती, पण यंत्राची उपजत जाण होती. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहत. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही येथे रखवालीचे काम दिले गेले. अस्पृश्यतेला वाडीत थारा असू नये, हा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. स्वच्छतेवर त्यांचा कटाक्ष असे. घरे, शाळा, दुकान, बाग, करमणुकीची साधने ही सर्व कारखान्यानेच उभी केली.

पहिल्या महायुद्धाने या उद्योगाला संकट आणि संधी एकदमच दिली. परदेशी नांगर येणे थांबले आणि मागणी वाढली. परंतु लोखंड व कोळसाही मिळेनासा झाला. कोळशाऐवजी लाकूड जाळून पाहिले गेले, मोडीचे लोखंड जमविले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तोफेचा नांगर होणे हे कवीला मोहविणारे दृश्य खरे, पण कारखान्याच्या दृष्टीने ते केवळ कच्च्या मालाच्या टंचाईचे चिन्ह होते.

१५ जानेवारी १९२० रोजी ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. कुटुंबाची पेढी समभागधारकांची झाली. घरातल्या विश्वासावर चाललेला व्यवहार ताळेबंद, संचालक मंडळ आणि लाभांश यांच्या चौकटीत आला; अपरिचित माणसाला आपला पैसा या उद्योगात घालता येऊ लागला. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. ते स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. कारखान्याची माणसे, गावोगावचे विक्रेते आणि गिऱ्हाईक यांना एकमेकांशी जोडणारे पत्रक, एवढाच आरंभीचा हेतू होता. परंतु ज्या वाचकाला नांगर घेण्यास राजी करावयाचे, त्याच्या मनातील शंका केवळ नांगरापुरत्या नसतात. लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणारे मन ग्रहण, मुहूर्त, अंगारे आणि बुवा यांबाबतही तसेच मानते. त्यामुळे नांगराच्या प्रचारातून निघालेले हे पत्र हळूहळू उद्यम, विज्ञाननिष्ठा आणि समाजसुधारणा यांच्या प्रचाराकडे वळले, यात आश्चर्य नाही. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ गळून ते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याला येऊन मिळाली.

या तीन मासिकांनी मराठीत एक नवा वाचक घडविला. तो पुण्या-मुंबईबाहेरचा होता. तालुक्याच्या गावचा शिक्षक, रेल्वेतील कारकून, शेतीत पैसा घालणारा पाटील आणि या सर्वांच्या घरातील नुकत्याच शिकू लागलेल्या स्त्रिया हा तो वर्ग. रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले. बुवाबाजीविरुद्ध या मासिकाने मोहीम चालविली. विवाह, शिक्षण, संततिनियमन, विधवांचे प्रश्न यांची चर्चा ‘स्त्री’च्या पानांतून झाली. भाषेच्या दृष्टीने पाहता या मासिकांनी शास्त्रीबुवांचे आणि निबंधमालेच्या परंपरेतले जड गद्य बाजूस ठेवून सुटसुटीत, कामकाजी, चित्रांच्या संगतीने चालणारे गद्य रूढ केले. या गद्याच्या वळणात किंमतपत्रकाचा आणि गिऱ्हाइकाला लिहिलेल्या पत्राचा अंश आहे. समीक्षकांनी या मासिकांवर मध्यमवर्गीय उपयुक्ततावादाचा आक्षेप घेतला तर तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कलेचे मूल्य कार्यावरून जोखण्याची सवय यंत्रशाळेच्या शेजारी लागणे स्वाभाविक होते. शंकररावांनी पुढे काकांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने लिहिले. चरित्रनायकाला त्यांनी यांत्रिक म्हटले, उद्योगपती म्हटले नाही, हा शब्दविवेक मार्मिक आहे.

यानंतरचा विस्तार मुख्यतः पुढच्या पिढीचा. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले. नांगर, चरक आणि कडबा कापण्याची यंत्रे यांच्या जोडीला पाणी उपसण्याचे पंप आले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ तयार करणारी ‘म्हैसूर किर्लोस्कर’ निघाली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा कारखाना स्थापन झाला. हा क्रम अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला बोलका वाटेल. प्रथम शेतीचे अवजार, मग शेतीचे यंत्र, मग ते यंत्र फिरविणारी शक्ती, आणि यंत्रे घडविणारे यंत्र. प्रत्येक पायरीवर मागची गरज पुढच्या उत्पादनाला जन्म देते. मोट जाऊन विहिरीवर इंजिन आले तेव्हा दख्खनच्या शेतीतील पिकांचा क्रमच बदलू लागला. ऊस, द्राक्षे, भाजीपाला यांच्या मागे हा पंप आहे. भूगर्भातील पाणी उपसण्याची जी चढाओढ पुढे लागली तिच्याही मागे तोच आहे.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील सर्वांत कडू प्रसंग त्यांच्या वृद्धपणी आला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले झाले आणि त्या उद्रेकात किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अस्पृश्यतेला थारा न देणाऱ्या, अवतीभवतीच्या गावांतील माणसांना काम देणाऱ्या या वसाहतीवर असा प्रसंग यावा, ही घटना सहज उलगडणारी नाही. लोकक्षोभाच्या लाटेत विवेक उरत नाही, हे खरेच. तेवढ्यावर थांबणे मात्र सोयीचे ठरेल. वाडीतील सुखसोयी हे मालकाने मायेने दिलेले दान होते. तो कामगाराचा वा शेजारच्या गावाचा हक्क नव्हता. ज्याचे घर, शाळा आणि दुकान एकाच हातातून येते, त्याची नोकरी सुटली तर सारेच सुटते. कुंडल हे शेजारचे गाव १९४३ पासून साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक केंद्र होते. राजे, सावकार आणि सरकार यांच्या सत्तेला आव्हान देणारी नवी जाणीव या परिसरात पसरली होती. वत्सल मालकाच्या वसाहतीला या जाणिवेशी संवाद साधावयाचा होता, आणि त्यासाठी ‘किर्लोस्कर’च्या पानांतील सुधारणेची भाषा पुरेशी ठरली नाही. ती भाषा गावातील शिकलेल्या घरापर्यंत गेली. वेशीबाहेरच्या आणि रानातल्या माणसापर्यंत नांगर पोचला, मासिक पोचले नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला. दुसऱ्याच महिन्यात, ८ मार्च १९४८ रोजी, औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि ज्या आश्रयावर वाडीचा पाया घातला गेला होता तो इतिहासजमा झाला. यापुढे कारखान्याचा व्यवहार परवाने, पंचवार्षिक योजना आणि कामगार कायदे यांच्याशी राहणार होता. ते युग शंतनुरावांचे. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी भारतीय टपाल खात्याने त्यांचे स्मारक तिकीट काढले. हरिहरचा लेथचा कारखाना पुढे बंद पडला. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे, आणि बेळगावात जेथे सायकली विकल्या गेल्या त्या रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.